तीन टोप्या आणि बीजगणित

आदरणीय ओपलताईस,

धाकट्या भावाचा नमस्कार. धाकटा म्हणजे तोच, ज्याला तू गेल्या थँक्सगिव्हिंगला टर्कीच्या ताटावरून, सगळ्यांदेखत, मठ्ठ म्हणालीस. गुडघा कसा आहे? बोका आहे का अजून? (असला तरी त्याला माझा निरोप देऊ नकोस, आमचं कधी पटलंच नाही.) तुमच्या तल्सात गारा पडल्या म्हणे. इकडे सगळं ठीक. गहू बरा आहे, तुझ्या भावजयीची, रोंडाची, पाठ धरली आहे आणि आमच्या डार्सीचं वाटोळं झालं आहे.

तू वर्तमानपत्रात वाचलंस ते जुनं झालं. डार्सीला मोठ्या विद्यापीठाने सॉफ्टबॉलसाठी निवडलं, फी माफ, राहणं-खाणं माफ, असं जे फोटोसकट छापून आलं होतं, ते आमच्या शाळेच्या कोच गॅरिसनने छापून आणलं होतं. पोरीने टाकलेला चेंडू समोरचीला दिसत नाही, हे खरंच आहे. तो दिसत नाही म्हणून तर गावाने तिला डोक्यावर घेतलं. सामन्याच्या दिवशी तिला परीक्षा नाही. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी ती दमलेली, म्हणून परीक्षा नाही. आणि सामना नसेल त्या दिवशी सराव. नववीत बीजगणितात नापास झाली तेव्हा मी कोचकडे गेलो, तर तो माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, वेंडेल, तू काळजी करू नकोस, तिचे गुण मी बघतो.

आणि बघितले की त्याने! वजनं उचलण्याचा एक तास, त्यात पैकीच्या पैकी. स्वयंपाकाचा एक तास, त्यात पैकीच्या पैकी (घरी तिला अंडं फोडता येत नाही). शाळेच्या ऑफिसातून वर्गावर्गात चिठ्ठ्या पोचवण्याचा एक तास, त्यातही पहिला नंबर. चिठ्ठ्या पोचवण्यात दुसरा नंबर कसा येतो ते मला अजून कळलेलं नाही. राहिलेलं बीजगणित तिने कॉम्प्युटरवर एका दुपारी उरकलं. कोच शेजारी चिप्स खात बसला होता आणि मधूनमधून बोट दाखवत होता. प्रगतिपुस्तक असं झळझळीत की रोंडाने ते फ्रिजवर लावलं.

मग फोन आला. विद्यापीठाची प्रशिक्षक बाई बोलायला इतकी गोड, की आपल्याला फाशी देतायत हे मला निम्म्यात कळलं. कॉलेजं म्हणे सगळ्या तासांचे गुण धरतच नाहीत. इंग्रजी, गणित, विज्ञान, इतिहास असले विषय तेवढे धरतात. वजनं, स्वयंपाक, चिठ्ठ्या बाद. कॉम्प्युटरवरचं बीजगणित तर आधी बाद. उरलं काय, तर एक इतिहास आणि तोही कसाबसा. मुलगी हिरा आहे हो, ती म्हणाली, पण नियमात बसत नाही. मी म्हटलं, बाई, चेंडू टाकायला एक्सची किंमत कशाला काढायची? ती म्हणाली, तिला वर्गातही बसायचं आहे ना. यावर मी फोन ठेवला.

आता आमच्या गावाची रीत तुला ठाऊक आहे. खेळाडूने कॉलेजच्या करारावर सही करायच्या दिवशी शाळेच्या जिममध्ये टेबल मांडायचं, त्यावर तीन कॉलेजांच्या तीन टोप्या, आणि पोराने बराच वेळ विचार केल्यासारखं करून निवडलेल्या कॉलेजची डोक्यावर घालायची. तीनपैकी दोन कॉलेजांनी कुणालाच विचारलेलं नसतं. त्या टोप्या बाप विकत आणतो. मीही आणल्या होत्या. केक आला होता, बँड आला होता, समारंभ मोडावा तर तोंड कुठे लपवायचं? कोच म्हणाला, घालू दे तिला कुठलीही टोपी, फोटो होऊन जाईल, पुढचं कोण विचारतंय. आणि मी मान डोलावली, कारण अर्धं गाव समोर बसलं होतं.

डार्सी आली. तीनही टोप्या तिने एकात एक घालून बाजूला ठेवल्या आणि माइकवर म्हणाली, मला कुठेही घेतलेलं नाही. मला बीजगणित येत नाही. केक खाऊन जा.

ती उठली की वाजवायचं, असं बँडला सांगून ठेवलेलं होतं. ती उठली, त्यांनी वाजवलं. कोचने सवयीने टाळ्या वाजवल्या. लोकांनी केक खाल्ला, अगदी ताटली पुसून. दुसऱ्या दिवशी खत-बियाण्यांच्या दुकानात एक जण मला सांगत होता की पोरीच्या हातात तसा दम नव्हताच, आपण आधीच म्हणालो होतो. चार वर्षं हाच माणूस तिच्या नावाचा शर्ट घालून हिंडत होता. ताई, माझा जीव इतका जळतो की मला जेवण जात नाही. गाव तिला वापरून मोकळं झालं, आणि माझी पोर अठराव्या वर्षी रिकाम्या हाताने घरी बसली.

असो. प्रकृतीस जप.

तुझा,
वेंडेल

ता. क. रोंडा तुझ्या त्या गोड पीकन-पायची पाककृती मागते आहे. सवडीने पाठव.

ता. क. २. हे पत्र पोस्टाने आलेलं नाही हे तुझ्या लक्षात आलं असेल. ज्या पोरीने ते तुझ्या हातात दिलं तिला आत घे. तू जन्मभर लोकांच्या पोरांना बीजगणित शिकवलंस, आता हिला शिकव. नववीपासून.

ता. क. ३. मी तिला म्हटलं, गणित सुटलं की पुढच्या वर्षी ती बाई तुला नक्की घेईल. ती म्हणाली, मला बॉलसाठी नाही शिकायचं, मला नुसतंच शिकायचंय. ग्लव्ह घरीच ठेवत होती. मी तो बॅगेत तळाशी कोंबला आहे, तिला माहीत नाही. संध्याकाळी ती तुझ्या अंगणात भिंतीवर चेंडू टाकताना दिसली तर मला फोन कर. दिसली नाही तर करू नकोस.