गिळलेल्या अक्षराची खूण

अप्पा, संस्कृतचा तास मध्येच सोडून तुम्ही बाहेर जायचात. 'रामः रामौ'वर वर्ग लोंबकळत ठेवून तिसऱ्यांदा निघालात की मागचा बाक हसायचा आणि तुमचा मुलगा असून मीही हसायचो. आई म्हणायची, "डॉक्टरांना दाखवा." तुम्ही म्हणायचात, "वयाचं आहे, त्याला अपवाद नाही." दाखवलंत तेव्हा पौरुष ग्रंथीचा कर्करोग हाडांत उतरला होता.

आता सिरुसेरीच्या ऑफिसात मी मीटिंगला दाराजवळची खुर्ची धरतो. आज बायकोने या दवाखान्यात ओढत आणलं. तमिळ डॉक्टरीणबाई तुमच्या शेवटच्या बॅचच्या वयाच्या. म्हणाल्या, "वयानुसार पुरुषी संप्रेरक रक्तात घटतं, सार. पण त्याचं जास्त जोरकस रूप ग्रंथीतच बनत राहतं. त्यावर ती वाढते आणि मूत्रमार्ग दाबते."

"म्हणजे कर्ता थकला, क्रिया चालूच," मी म्हणालो. बायको हसली नाही.

"रक्तातला पीएसए, म्हणजे कर्करोगाची शंका दाखवणारा आकडा, ठीक आहे. पण वडिलांना कर्करोग होता म्हणून विचारते, काही मात्तिरै चालू?" इथे गोळीला मात्तिरै म्हणतात, आपली मात्राच ती.

"इल्लै, काही नाही," मी म्हणालो.

त्यांनी गोळी लिहिली. "ही ते रूपांतर अडवते. काही जण केसांसाठी हीच कमी प्रमाणात घेतात. त्यांचा आकडा फसवा येतो, जवळजवळ निम्मा. दुप्पट करून वाचावा लागतो."

मी चार वर्षं घेतोय. पाकीट शब्दकोशामागे असतं. माझे केस तिच्या खोबरेल तेलावर टिकलेत, असं बायकोला वाटतं. मी मनात माझा आकडा दुप्पट केला. तो ठीक नव्हता. तरी गोळीचं न सांगता उठून बाहेर आलो.

बाकावर बसलोय. हातातल्या दवाखान्याच्या फॉर्ममध्ये 'चालू औषधे' हा रकाना कोरा आहे. संधीत 'अ' गाळून मी अवग्रह विसरलो, तेव्हा तुम्ही कान धरला होतात: "गिळलास तर गिळलास, खूण कोण ठेवणार? वाचणारा फसतो." हात आपोआप चालला. रकान्यात ऽ उमटला.

"हे काय काढलंत?" बायकोने विचारलं.

सांगितलं. ती म्हणाली, "आणि माझं तेल?"

"तेही लावत होतो."

"उठा. आत चला."

पुन्हा आत बोलावेपर्यंत हे सगळं त्याच फॉर्मच्या पाठीवर लिहिलंय, म्हणजे ते डॉक्टरीणबाईंकडेच जाणार. तुम्हाला फक्त एवढंच सांगायचं होतं, अप्पा: एका सकाळी आरशात तुमचं टक्कल दिसलं, म्हणून गोळी सुरू केली होती.