बरणीतलं वरचं पाणी

आई,

मनातल्या मनात तुझा हात कपाळाला लावून, आशीर्वाद घेऊन लिहितेय.

मी बरी आहे. पाचवा महिना लागला. खाल्लेलं आता पोटात टिकतं, बहुतेक वेळा. तुझा खोकला कसा आहे? खरं सांग.

तू लिंगायेनहून पाठवलेली खारवलेल्या मासळीची, बागोओंगची बरणी इथे इलोइलोला नीट पोचली. पण सासूबाईंकडे मासळी मुरवतात ती कोरडी, कुटलेली. आपली पातळ त्यांनी कधी पाहिलेलीच नाही. त्यांना वाटलं, वाटेत खराब होऊन पाणी सुटलंय. मी झोपले होते तेवढ्यात त्यांनी वरचं सगळं पाणी परसात ओतून दिलं. तुझा वर्षभर मुरलेला पातिस, मासळीचा सगळा खारा अर्क, आई. मी नुसती रडत बसले.

"पाणीच होतं ना? एवढं काय रडायचं?" असं म्हणत त्यांनी बरणीच्या कडेला बोट लावून चाखलं. मग पुन्हा एकदा बोट फिरवून चाखलं.

दुसऱ्या दिवशी बाजारातून नवी बरणी आणि मीठ घेऊन आल्या. "आईला विचार, मीठ किती घालते. उत्तर आलं की मासळी आणू. माझ्या पद्धतीनं नको, तिच्याच."

अशी सासू मिळाली, तुझ्या प्रार्थना फळल्या म्हणायच्या.

मी त्यांना सांगितलं, आई मोजत नाही, ओंजळीनं घालते.

तर म्हणाल्या, "मग ओंजळच बोलावून घे. बाळंतपणालाही लागेलच."

नवी बरणी धुऊन पालथी घातली आहे.

तुझी,
एर्लिंडा