कोंब वर

बोईसर, ८ जुलै २०२५

ती. जमनाआत्यास मेहुलचा सा. न. वि. वि.

फोनवर तू माझं अर्धंच ऐकतेस आणि गिऱ्हाईक आलं म्हणून ठेवतेस, म्हणून पत्र. कंपनीने मला बागेवरून जंगलावर बढती दिली आहे. कारखान्याच्या भिंतीलगत हातभर अंतरावर एकेक रोप, उंच-बुटकी सगळी मिसळून. उन्हासाठी भांडत ती भराभर वाढतात म्हणे. तुमच्या खाडीवर मात्र परवा खारफुटीतल्या कांदळाच्या शेंगा खोचल्या. साहेबांचा एक गमबूट चिखलात राहिला, बाकी झकास.

पण भरतीचं पाणी तुझ्या चुलीपर्यंत येतं ते पाहून जीव घाबरला. पाणी अडवणारी झाडं व्हायची तेव्हा होतील, तू माझ्या खोलीवर राहायला ये.

तुझ्या मायेचा आणि सुक्या बोंबलांचा लोभी,
मेहुल

सातपाटी, १३ जुलै

चि. मेहुल यास अनेक आशीर्वाद.

बढती मिळाली, अक्कल मागेच राहिली. बाबा, शेंगा उलट्या खोचल्यात! बारीक टोक सहज आत जातं म्हणून साहेबांनी तेच खुपसलं. कोंब तिथूनच फुटतो. साहेबांना माफ, पण तू दातिवऱ्याच्या खाडीत, चिखलात लोळून मोठा झालास ना? मी तेव्हाच ओरडणार होते, पण शेजारची राहीबाई म्हणाली की थांब गो, समोसं अजून वाटायचं हाय. त्यातून जागाही होड्या ओढायच्या वाटेवरची, का तर तिथे फोटो चांगला येतो.

बोईसरला मी येणार नाही. तुझ्या खोलीत तुमच्या जंगलाएवढीच दाटी आहे. पण चूल बुडते हे खरं, आणि मला भीती वाटते.

माया आहेच, डोकं तू वापर.
जमनाआत्या

बोईसर, १७ जुलै

ती. आत्यास सा. न.

मला तेव्हाच कळलं होतं. साहेबांची चूक सगळ्यांसमोर कशी काढायची, म्हणून मीही गुमान उलट्या खोचल्या. लाज वाटते. आज त्यांना सांगून टाकलं. त्यांनी बूट सापडला का, एवढंच विचारलं.

रविवारी येतो, जागा तू दाखव. दिवाळीपर्यंत रोपं जगली नाहीत तर मुकाट्याने माझ्याबरोबर यायचं.

राग असू दे, पण जेवायला घाल.
मेहुल

सातपाटी, २४ ऑक्टोबर

चि. मेहुलला आशीर्वाद.

माझ्या घरामागच्या भिंतीखाली आपण सरळ करून लावलेल्या शेंगांपैकी कुजल्या त्या कुजल्या, काही लाटेने नेल्या. उरलेल्यांना पानं फुटली आहेत. निवट्या मासळ्या बिळं करतात तिथे चिखल टिकतो, हे मी म्हटलं होतंच. राहीबाईच्या शेळ्या पानांवर टपल्या होत्या, म्हणून कंपनीचा बोर्ड आडवा बांधलाय. नाव शेळ्यांच्या बाजूला आहे. बुटात खेकडा राहतो. साहेबांना सांग, भाडेकरू निघत नाही.

पाणी अजून आत येतंच. वीतभर रोपांकडून एवढ्यात काय मागायचं? मी चूल ओट्यावर चढवली.

पैज मी जिंकले. तरी खोली राखून ठेव, म्हातारी झाले की येईन. सध्या भिंतीखालची पोरं लहान आहेत, त्यांना टाकून कुठे येऊ?

त्यांच्यावरही लोभ असू दे.
जमनाआत्या