भागीबाईचा अंगठा

३ डिसेंबर १९४६, कडाव
आज सारखं एकच वाक्य आठवतंय. सुशीच्या जन्माच्या वेळी मी भेदरले होते, तेव्हा भागी सुईण म्हणाली होती, "बाय, भिऊ नको, पोरीला वाट ठाव हाय." बावीस वर्षं झाली. आता सुशीच बाळंतपणाला आलीय. आठवा चालू.
उद्या कर्जतला सभा. सरकारी दाक्तर नवी आरोग्य योजना सांगणार. वाड्यांवरच्या सुईणींनाही बोलावलंय. मला बोलायचंय.

४ डिसें.
बोलले. शिकल्याशिवाय कुणी बाळंतिणीला हात लावू नये, असं. टाळ्या. शेवटी एका कागदावर सुईणींचे अंगठे घेतले. भागी माझ्याकडे बघत राहिली. मी मान हलवली, दे म्हणून.
घरी ह्यांची थट्टा. दिल्लीत कारखान्यातल्या कामगारांच्या आजारपणाच्या विम्याचं बिल, पेपरात त्यावर रोज भांडण. हे म्हणतात, ज्या गावात कारखाना नाही त्याने आजारीच पडू नये. मीही हसले.

१९ डिसें.
भागीची सून गेली. पोटातल्या जिवासकट.
दूधवालीने सांगितलं. दोन दिवस अडली होती. भागी दाराबाहेर बसून. बाया पाया पडल्या, तरी आत गेली नाही. "अंगठा दिलाय मी. अंगठा म्हंजे आण. कशी मोडू?" कर्जतची नर्स पोचली तोवर
सगळं संपलं होतं.

२१ डिसें.
ह्यांना कर्जतला कागद बघायला पाठवलं. आले ते टोपी काढून ओटीवरच बसले. म्हणाले, "हजेरीचा कागद होता. सभेला आली, एवढंच."
बंदी नाही. नियम अजून व्हायचाय.
मी तो कागद वाचलाच नव्हता.

२२ डिसें.
तिला सांगू? सांगितलं तर सून फुकट गेली हे कळेल. नाही सांगितलं तर वाडीतली पुढची बाई...

२४ डिसें.
वाडीवर जाऊन सांगितलं. भागी काटक्या मोडत होती, मोडत राहिली. मग म्हणाली, "तुला तर वाचाया येतं ना, बाय?"
काटक्या उचलून आत गेली. मीही उठले.

२७ डिसें.
सुशीचे पाय सुजलेत. नर्स एकटी, गावं किती. सुशी विचारते, "आई, भागी येईल ना गं?"
उद्या परत वाडीवर जाते. माझ्या लेकीला हात लाव, एवढंच मागणार. नाहीच म्हणेल. तिच्या जागी मी असते तर दारातही उभं केलं नसतं.