एका जाहिरातीतल्या चार चुका

बाबा,

तुमच्या त्या चार चुका आज सापडल्या. कॉलेजच्या वाचनालयात, पनवेललाच, मी हल्ली जुनी वर्तमानपत्रं स्कॅन करते. परवा इंग्रज अमदानीतला एक गठ्ठा आला. त्यात गुलाम पळाल्याच्या जाहिराती. उंची एवढी, गालावर व्रण, पुढचा दात पडलेला. हरवलेल्या म्हशीचं वर्णन असावं तसं. तो का पळाला, ते कुणीच छापलेलं नाही. तसली एक जाहिरात आपणही जुळवली होती.

साप्ताहिकाच्या छापखान्यात तुम्ही शिशाचे खिळे जुळवायचात आणि सुट्टीच्या दिवशी मी स्टुलावर बसून तुम्हाला मजकूर वाचून दाखवायचे. वीटभट्टीवर वेठीला धरलेली एक कातकरी बाई पळाली होती. भट्टीवाल्याने लिहून दिलं: उंच, डाव्या हातावर गोंदण, कडेवर पोर, उरणकडे गेली असावी, कुणी थारा देऊ नये. अंकात छापून आलं: ठेंगणी, गोंदण उजव्या हातावर, एकटीच, कर्जतकडे गेली. अंक निघाला त्या दिवशी मी तुमचा डबा घेऊन दारात उभी आहे आणि भट्टीवाल्यासमोर छापखान्याचे शेट तुमच्यावर डाफरतायत, "डोळे फुटले काय रे तुझे?" तुम्ही मान खाली घालून म्हणता, "नजर नाय पोचली, शेट. पुढच्या अंकात दुरुस्ती टाकतू." पुढचा अंक म्हणजे आठ दिवसांनी.

मीच चुकीचं वाचलं असणार, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. आज वाचनालयात येऊन पडलेली आपल्या छापखान्याची जुनी पोती उघडली. जुळवून झालेले हस्तलिखित कागद तुम्ही तारेला टोचून ठेवायचात, ते तसेच आहेत. अंकाशेजारी ठेवून पाहिले. बाकी पानभर बारीक मजकूर, एक वेलांटी इकडची तिकडे नाही. चुका फक्त त्या जाहिरातीत, आणि चारही तिच्या बाजूच्या. हुश्श झालं, बाबा. खुर्चीत मागे रेलले आणि एकटीच हसत बसले. काय बेरकी माणूस होतात तुम्ही. ती पुढे कुठे गेली, मला ठाऊक नाही. पण आठ दिवस तरी तिला मिळाले.

हे पत्र त्याच तारेला टोचून ठेवते. एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी दारात चूक माझीच आहे असं मला वाटत होतं. "मी वाचलं" एवढंच म्हणायचं होतं. मी नुसता डबा पुढे केला.