भरती सरकते, हा सरकत नाही

८ डिसेंबर, सोमवार

आज पण नवरा सहालाच गेला. मफलर गुंडाळली, डबा उचलला, चहा अर्धा टाकला आणि गेला.

पौर्णिमा गुरुवारी झाली. गुरुवारी सहा, शुक्रवारी सहा, शनिवारी, रविवारी, आज — सहा! अर्नाळ्यात शेंबड्या पोराला पण ठाऊक की भरती रोज पाऊण-एक तास पुढे सरकते. होडी पाण्याच्या वेळेला निघते, घड्याळाच्या नाही. मग हा कुठल्या होडीवर जातो रोज सहाला?

म्हणतो, पाचूबंदरच्या. वसईची बस पकडून जातो. दिवाळीनंतर धाकट्या भावाची, चंद्रहासची होडी सोडली यानं. म्हणे पटत नाही. वीस वर्षं एका होडीवर काढली तेव्हा पटत होतं!

लिहून ठेवते. वही आमच्या पोरीच्या, ऋतिकाच्या दुकानातली आहे, दिवाळीत मिळालेली. मी चौथी शिकलेली, अक्षर म्हणजे कोंबडीनं माती उकरलेली. पण तोंडानं बोललं की आमची पोरगी म्हणते, मम्मी काही पण बोलते. कागदावर असलं की कोणाच्या बापाला खोटं पाडता येणार नाही.

९ डिसेंबर

सहा.

१२ डिसेंबर, शुक्रवार

काल मार्गशीर्षातला गुरुवार, मनवेलपाड्याला पाटी घेऊन गेलेच नाही. कोण घेतं मासळी गुरुवारी! आज गेले तर थंडीनं गिऱ्हाईक दहाशिवाय बाहेर पडेना. दुपारी परत आले तर किनाऱ्यावर सगळ्या होड्या बांधलेल्या. अष्टमी ना. भांग. भरती-ओहोटी मंद, पाण्याला ओढच नाही तर डोलीच्या जाळ्यात शिरणार काय? पुरुष मंडळी उन्हाला पत्ते कुटत बसलेली. आणि माझा नवरा सकाळी सहाला कामावर!

संध्याकाळी विचारलं, "भांगेत कुठली होडी जाते रे?"

"आमची जाते."

"मग जाळ्यात काय येतं? वारा?"

"तुला काय करायचंय? दोन वेळा जेवायला मिलतंय ना?"

पिशवीत बोंबील होते. दोन दिवसांचे, डोळे गेलेले. मला फसवतो! तीस वर्षं मासळी विकते मी. आणखी एक — रोज बोंबीलच कसे आणतो? डोलीत मांदेली येतात, जवळा येतो, एखादी चिंबोरी तरी येते. याच्या डोलीत बोंबलांनी काय दाराला कडी लावलीय?

१४ डिसेंबर, रविवार

जाऊ सुनंदा वलांडीवर बोंबील वाळत घालत होती. दवानं सगळे बांबू ओले. मी पण हात लावला. बोलता बोलता टाकलं मध्येच —

"सुनंदे, तुझ्या नवऱ्याचं आनि माझ्या नवऱ्याचं कशावरून वाजलं गं?"

"वाजलं? कवा?"

मग जीभ चावली. स्पष्ट बघितलं मी. म्हणाली, "आसंल काय तरी वयनी. पुरुषांचं काय, आज वाजतं, उद्या एका ताटात जेवतात."

दोन महिने झाले, कुठे जेवतायत एका ताटात? चंद्रहास मला बघितलं की मोबाइल कानाला लावतो. परवा तर मोबाइल उलटा धरला होता मेल्यानं.

म्हणजे सगळ्यांना माहीत आहे. मी सोडून.

१५ डिसेंबर

सहा. नवीन शर्ट घातला. बोंबील काढायला नवीन शर्ट!

१८ डिसेंबर, गुरुवार

सापडलं.

थंडीनं हात फुटलेत म्हणाला. म्हटलं आण, खोबरेल लावते. माया नव्हती, हात बघायचा होता. होडीवरच्या माणसाचा तळवा मला माहीत आहे. दोर आडवा कापत जातो तळव्याला, तिथे कातडं चपलेसारखं होतं. याचा तळवा मऊ पडत चाललाय. आणि बोटांच्या टोकांना बारीक बारीक टोचलेलं, शंभर ठिकाणी. ओळखलं मी लगेच. बोंबलाचे दात! जबड्यात जबडा अडकवून जोडी लावताना टोचतात ते. माझी बोटं तशीच, सुनंदाची तशीच, माझ्या आईची मरेपर्यंत तशीच होती.

बायकांची बोटं ही. पुरुष कधी वलांडीला हात लावत नाही आमच्यात.

मग रात्री धुवायचे कपडे हुंगले. डिझेल नाही. मिठाचे पांढरे डाग नाहीत.

म्हणजे हा कुणाच्या तरी वलांडीवर जाऊन बसतो रोज. सहा ते सहा. घरी माझी वलांडी रिकामी, तिथे कधी एक जोडी लावून दिली नाही! कुठल्या बाईसाठी बोटं टोचून घेतो?

२१ डिसेंबर, रविवार

ऋतिकाला सांगितलं. सांगायला नको होतं, पण पोटात राहीना.

हसायला लागली. "मम्मी, पप्पांचं अफेअर? पप्पांचं? ते झोपेत घोरतात ते विरारला ऐकू येतं!"

"घोरनाऱ्यांना बाया मिलत नाहीत काय?"

"तू ना सिरियल बघायची बंद कर."

पण पोरगी हसली आणि मग तिनं मोबाइल खाली ठेवला. म्हणाली, "पप्पा कार्तिकात पडले होते ना गं पाण्यात? तेव्हापासून थोडे गप्पच आहेत."

पडला होता. पाय घसरला म्हणाला होता. दोन दिवस तापानं पडून होता, मग उठला. त्याचा इथे काय संबंध? पोरगी बापाकडची.

२५ डिसेंबर, गुरुवार

आज तर हद्द झाली.

नाताळ म्हणून कामाला सुट्टी असेल असं वाटलं. नाही, गेला. दुपारीच परत आला, हातात स्टीलचा डबा. आत नाताळचा फराळ, कलकल आणि नेवऱ्या. डब्याच्या बुडाला नाव कोरलेलं — रोझलीन.

"कोन ही रोझलीन?"

"होडीवाली. सगळ्यांना दिलं तिनं."

"सगळ्या खलाशांना स्वतःच्या नावाचे डबे वाटले?"

"मने, सणाच्या दिवशी डोकं खाऊ नको."

मने म्हणाला! लग्नाच्या पहिल्या वर्षी म्हणायचा, मग बंद केलं होतं. आता कशी आठवली मने?

कलकल गोड होत्या. मेल्या चांगल्याच गोड होत्या. चार खाल्ल्या आणि डबा घासून ठेवला. परत नेऊन द्यायचा आहे ना. मीच नेणार.

२७ डिसेंबर, शनिवार

 सगळं लिहिते.

आज परत अष्टमी, भांग. तो सहाच्या बसनं गेला, मी सातच्या. पिशवीत डबा. पाचूबंदरला उतरून विचारलं, रोझलीन कोण. पोरानं हात केला. देवळाच्या मागं, सगळ्यात लांब वलांड्या.

धुकं होतं, माणसं नुसती सावलीसारखी. दहा-बारा बाया खाली बसलेल्या, पुढ्यात बोंबलांचा ढीग. आणि त्यांच्या मधोमध, पाटावर, गुडघे वर करून माझा नवरा! डोक्याला माझी जुनी ओढणी थंडीची. बोंबील घेतो, जबडा उघडतो, दुसऱ्याचा अडकवतो, बाजूच्या बाईला देतो. आणि हसतोय! दोन महिन्यांत घरी हसला नाही.

रोझलीन म्हणजे साठीची थोराड बाई, गुडघ्याला पट्टा, तोंडात पान. ती ओरडत होती, "आत्माराम, जोड्या सैल लावू नको रे, वाऱ्यानं पडतील, आनि मंग कावळ्यांचा नाताळ!"

मला ती बाई दिसली, तिचं वय दिसलं, तरी तोंड थांबलं नाही माझं. डबा आदळला मी. काय काय बोलले! म्हटलं, "वीस वर्षं दर्या मारनारा मानूस, आनि इथं बायकांत बसून बोंबील लावतो! साडी पन नेसवा त्याला!" एक बाई फिस्सकन हसली, मग दुसरी.

यानं हातातली जोडी पुरी केली. उठला. ओढणी सोडून घडी केली आणि माझ्या हातात दिली.

बसमध्ये दोन सीट सोडून बसला.

२८ डिसेंबर, रविवार

बोलला. पहाटेपासून भिंतीकडे तोंड करून पडला होता, मीच चहा समोर आदळला. म्हटलं आता तरी बोल.

कार्तिकात पाय घसरला नव्हता. डोलीचा दोर पायाला गुंडाळला आणि ओढून नेलं खाली. चंद्रहासनं दोर कापला म्हणून वर आला. किती वेळ खाली होता माहीत नाही. पण त्या दिवसापासून होडीला पाय लावला की पाय लाकडाचे होतात. श्वास कोंडतो. दोनदा चढून बघितलं, दोनदा चंद्रहासनं हाताला धरून उतरवलं. भांडण वगैरे काही नव्हतं. यानंच भावाला सांगितलं होतं, वयनीला बोलू नको.

"मला का नाय सांगायचं? मी कोन, रस्त्यावरची?"

"रॉकीला काय बोललीस ते आठव."

आठवलं. रॉकी आमच्याच आळीतला, दर्या सोडून वडापावच्या गाडीवर बसला गेल्या वर्षी. मी भर नाक्यावर म्हटलं होतं, कढईची धग सोसते याला, दर्याचं पाणी नाही सोसत, बाईच्या जातीचा निघाला. सगळे हसले. हा पण होता तिथे. हा पण हसला होता.

मला वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं. राग आला. दोन महिने मला वेड्यात काढलं, दीर, जाऊ सगळ्यांनी मिळून! रागात तोंडातून गेलं, "पान्याला घाबरतो तो कसला कोली?"

 चहा पूर्ण प्यायला.

३१ डिसेंबर, बुधवार

आज सहाला नाही गेला. भरतीच्या वेळेला गेला. घड्याळाकडे बघितलं पण नाही. जुनी टोपी घातली आणि सरळ चंद्रहासच्या होडीकडे.

मला बरं वाटायला हवं होतं. पाटी भरलेली होती, गेले नाही मनवेलपाड्याला. किनाऱ्यावर बसले. सुनंदा आली, शेजारी बसली. एकदाच म्हणाली, "वयनी, त्याला थांबवायचं ना गं."

"मी कुठं पाठवलाय? आपल्या पायानं गेला."

खोटं. मीच पाठवला. लिहिते इथे, तोंडानं बोलणार नाही.

होडी आली तेव्हा उन्हं उतरली होती. चंद्रहास आणि दोन खलाशी, तिघांनी धरून उतरवला त्याला. कंबरेला दोर. स्वतःच स्वतःला डोलकाठीला बांधून घेतलं होतं, होडी निघाल्या निघाल्या. वाळूवर बसला आणि ओकला. मग नुसता बसून राहिला, माझ्याकडे बघत. रागानं नाही. मी खूश झाले की नाही ते बघत होता.

चंद्रहास बाजूला येऊन म्हणाला, "वयनी, पुन्ना नको. काठीवरनं हात सुटंनात त्याचे. एकेक बोट मी उघडलं."

खलाशी बघत होते. उद्या गावभर होणार.

१ जानेवारी, गुरुवार

झालंच. पाण्याच्या नळावर दोघी कुजबुजल्या आणि मी दिसताच कळशी भरायला वाकल्या. ऋतिका म्हणाली, दुकानात पण एकानं विचारलं, तुझ्या पप्पांना काय झालं.

तो घरातून बाहेर पडला नाही. सहा वाजले, भरती आली, गेली. पडून राहिला.

२ जानेवारी, शुक्रवार

किनाऱ्यावर मासळीच्या लिलावाला सगळ्या बाया जमल्या तेव्हा मोठ्यांदा सांगितलं. एकवीरा आईची शपथ घातलीय मी नवऱ्याला, होडीवर चढायचं नाही. मला भरवसा नाही त्याचा, ना खलाशांच्या दारूचा. परवा माझी शपथ मोडून चढला म्हणून तशी गत झाली. आता पाचूबंदरला माझ्या ओळखीच्या बाईकडे ठेवलाय, तिची नजर असते. एक जण म्हणाली, काय संशयी बाई, नवऱ्याला जगू देत नाही. सुनंदाला सगळं ठाऊक, तरी तिनंच आधी मान हलवली, "आमची वयनी आशीच हाय, काय सांगू!"

एकवीरा आईची माफी मागितली, खोट्या शपथेसाठी. तो सहाच्या बसनं गेला. मला संशयी म्हणतात, म्हणू देत.