डोंगराच्या गाडीत तुझे बाबा

प्रिय ज्योत्स्ना,

पत्र पाहून घाबरू नकोस. आम्ही दोघंही धडधाकट आहोत. फोन केला असता तर तू रडली असतीस, मी रागावले असते आणि मुद्दा तसाच राहिला असता. म्हणून कागद घेतला. उटीच्या या लॉजमधलं टेबल डुगडुगतं, तेव्हा अक्षर वाकडं आलं तर ते माझं समजू नकोस.

आधी गाडीचं सांगते. मेट्टुपालयमला सकाळी गाडी लागली. निळे डबे, लाकडी बाकं, खिडक्या मात्र ऐसपैस. तुझ्या बाबांनी फलाटावरून पुढपर्यंत फेरी मारली आणि परत येऊन म्हणाले की गाडीच्या तोंडाशी इंजिनच नाही, आपली फसवणूक झाली. मी त्यांना मागे नेऊन दाखवलं. वाफेचं इंजिन मागून ढकलतं, रुळांच्या मधोमध दात असलेली पट्टी असते, इंजिनचं दातेरी चाक त्यात अडकत अडकत चढतं, म्हणून गाडी घसरत नाही. हे सगळं त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि शेजारच्या प्रवाशाला मराठीत सांगितलं, "बैलजोडी बंडीच्या मांगं जुपली, अन् हे बाई मले समजावून राह्यली." त्या बिचाऱ्याला काही कळलं नाही, तरी तो हसला.

रेंज होती तोवर त्यांचे आपल्या गड्याला, देवमनला फोन चालू होते. गाय खाते का, हरभऱ्यात डुकरं शिरली का, मोटर बंद केली का. तूर निघाल्यावरच निघायचं ही त्यांची अट होती, ती मी पाळली होती. पण तूर निघाली की हरभरा असतो, हरभरा निघाला की हळद. केनवडच्या माणसाला सुट्टी अशी नसतेच, ती त्याच्याकडून काढून घ्यावी लागते. शेवटी डोंगराने फोन बंद केला तेव्हा मला बरं वाटलं.

सुपारीच्या बागा संपल्या आणि चढ लागला. ज्योत्स्ना, मी फार वर्णन करणारी बाई नाही. पण पुलावरून खाली पाहिलं की डब्याखाली काहीच दिसत नाही, फक्त दरी, आणि तळाशी कुठेतरी पाणी चमकतं. धुकं झाडांच्या शेंड्यांना अडकलेलं होतं. गाडी इतकी सावकाश की कड्यावरच्या फुलांच्या पाकळ्या मोजाव्यात. बोगदा आला की डब्यातले सगळे ओरडायचे. तिसऱ्या बोगद्यात तुझे बाबाही ओरडले. अंधारात मला दिसलं नाही, पण आवाज ओळखला. उजेड आला तेव्हा ते बाहेर पाहत, टोपी सारखी करत बसले होते. लग्नाला चाळीस वर्षं होत आली, हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

आता मुद्द्याचं. ही गाडी मी हौसेपुरती निवडली नव्हती. दिवाळीत तू फोनवर एवढंच म्हणालीस की आई, आता आम्ही थांबलो, डॉक्टरकडे जायचं नाही. मी "बरं" म्हटलं. त्यावर दुसरं काही बोलण्यासारखं नव्हतं, आजही नाही. दोघांनी मिळून ठरवलंत, हरीओमराव तुझ्या बाजूने उभे आहेत, मला तेवढं पुरे. पण हे तुझ्या बाबांना सांगायचं राहिलं होतं. घरी अवघड विषय काढला की ते गोठ्याकडे निघून जातात. तीन महिन्यांत मी किती वेळा सुरुवात केली आणि किती वेळा त्यांना गुरांची आठवण झाली, विचारू नकोस. मग शेजारच्या संस्कृतीच्या मोबाइलवर या गाडीचा व्हिडिओ पाहिला. हिच्यातून मधेच उतरून गोठा गाठता येणार नव्हता. तिच्याकडूनच तिकिटं काढून घेतली. माझी सुट्टीची कल्पना ही अशी.

परवा कोइंबतूर स्टेशनवर तू घरून जेवणाचा डबा घेऊन आलीस. त्यांनी तुझ्या डोक्यावरून हात फिरवला, जावयांना मिठी मारली, तासभर गप्पा केल्या, आणि डब्याला म्हणाले, राहू दे बाई, आईनं दशम्या घेतल्या आहेत. तू डबा मुकाट्याने पिशवीत परत ठेवलास. झाकण लावतानाचं तुझं तोंड मी पाहिलं. त्यांनीही पाहिलं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही रीत आपल्याकडे कुणी बसून शिकवत नाही. बाप लेकीला आपला भार होऊ देत नाही, अशा चांगल्या अर्थानेच ती चालत आली. वर्षा-दोन वर्षांत नातू होतो, आजोबा जेवतात, रीत संपते. तुझ्या बाबतीत ती बारा वर्षं लांबली. तुमच्या फ्लॅटच्या वास्तुपूजेला ते एवढ्या लांब आले, सोफ्यावर बसले, आणि चहा प्यायला कोपऱ्यावरच्या हॉटेलात गेले. हरीओमराव सोबत जाऊन उभे राहिले. तुझ्या ऑपरेशनच्या वेळी मी आले तर मला पिठाचा डबा बांधून दिला, पीठ आपलं म्हणजे अन्न आपलं म्हणून. मी तो घेतला, कारण तेव्हा वाद घालण्यापेक्षा तुझ्याजवळ पोचायचं होतं. त्यांच्या मनात तुला दुखवायचं कधी नव्हतं. पण दर वेळी न प्यालेलं पाणी तुला काय ऐकवत होतं, हे बायकांना सांगावं लागत नाही.

तर तिसऱ्या बोगद्यानंतर मी सांगून टाकलं. आडून नाही, सरळ. ज्योत्स्नाला मूल होणार नाही, त्यांनी उपचार थांबवले आहेत, आणि हे रडून नाही, विचार करून. ते खिडकीकडे वळले. मग खिडकीलाच विचारल्यासारखं बोलले, "मंग तिच्या घरचं पानी म्या कधी प्याचं?"

मी म्हटलं, "ते तुम्ही ठरवा. तिने विचारणं केव्हाच सोडलंय."

हिलग्रोव्ह नावाचं स्टेशन आलं. तिथे इंजिनात पाणी भरतात, लोक चहा-वडे खातात, माकडं पिशव्या ओढतात. ते उतरले आणि इंजिनाजवळ जाऊन उभे राहिले. शिट्टी झाली तरी येईनात. मी हाक मारली नाही. माणसाला कधी कधी आपल्या पायांनी डब्यात यावं लागतं. आले, अगदी शेवटी, शर्टाच्या बाहीवर कोळशाची काजळी घेऊन.

मग त्यांनी जे सांगितलं ते मलाही नवीन होतं. त्यांच्या नावाची गोष्ट तुझ्या आजीने आपल्याला सांगितलेली आहे. आधीची चार लेकरं जगली नाहीत, म्हणून हे जन्मले तेव्हा उकिरड्यावर ठेवून उचलले आणि उकंडा नाव ठेवलं, मरणाने टाकाऊ समजून सोडून द्यावं म्हणून. मला वाटायचं गोष्ट एवढीच. पण आजीचे वडील त्या काळात कामरगावहून लेकीला भेटायला यायचे. इतक्या लांबून, बैलबंडीने. आणि लेकीच्या दारातल्या लिंबाखाली बसून आपल्या फडक्यातली भाकर खायचे. लेकरू जगलेलं नव्हतं ना. आजी आत चुलीपाशी बसून राहायची. "म्या जलमलो तवा बुढा गेला होता," बाबा म्हणाले. "माय मरेपर्यंत म्हने, माह्या बापानं माह्या हातचं पानी नाही पेलं. म्या ऐकलं सारं, अन् तेच करून राह्यलो. परवा पोरीनं डब्याचं झाकन लावलं तवा तिचं तोंड पाह्यलं म्या."

 समजावण्यासारखं काही उरलं नव्हतं. कुन्नूरला इंजिन बदललं, पुढे दोन्ही बाजूंना चहाचे मळे लागले. त्या उतारावर वखर कसा चालवत असतील, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, हाताने करत असतील. मग दशम्या काढल्या. त्यांनी एक खाल्ली, दुसरी परत गुंडाळली आणि म्हणाले की उतरताना तुझ्याकडे मुक्काम करू. जणू ते आधीपासूनच ठरलं होतं.

हे पत्र त्यासाठी. आज सोमवार आहे, गुरुवारपर्यंत तुला मिळेल. शनिवारी संध्याकाळी आम्ही तुझ्या घरी येतो. सण असल्यासारखा स्वयंपाक करू नकोस. पुरण नको, नवीन ताटं नकोत, शेजारणींना बोलावू नकोस. तुम्ही दोघं रोज जे जेवता तेच कर. आल्या आल्या तू सवयीने आत जाशील आणि त्यांना अवघड होऊ नये म्हणून पाण्याचं नाव काढणार नाहीस, हे मला माहीत आहे. काढूही नकोस. समोर बस. ते पाणी स्वतः मागणार आहेत. वाशीमपासून इथवर आलेला माणूस आहे, तेवढं त्याला करू दे. थोडा वेळ लागला तर लागू दे, पण तू मधे उठून देऊ नकोस.

तुझीच,
आई